कोरडं तोंड, कारण नमूद नाही

४ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहोत. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. बाबा दिवसभर बैठकीच्या खोलीत बसलेले असतात आणि मी स्वयंपाकघरात जाऊन मोबाइलवर कुजबुजले, तरी त्यांना ऐकू जातं. कान अजून बाजारातलेच आहेत. त्यांच्याबद्दल त्यांच्यादेखत काय बोलणार? आता चष्म्याच्या दुकानात जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, समोर घासायच्या काचांचा ट्रे तसाच पडलाय. एखादी काच आज वाकडी बसली आणि कुणाला जग तिरकं दिसलं, तर पाप तुझ्या माथी.

बाबा बोलायचे थांबलेत. आधी मला वाटलं रुसलेत, कारण रुसायची आपल्या घरात जुनी प्रथा आहे. मग वाटलं ऐकू येत नसेल. तसंही नाही. काही विचारलं की माझ्या तोंडाकडे बघतात आणि मान हलवतात. जेवणाचंही तेच. पाव दुधात पार लगदा करून दिला तरच खातात. पाणी पुढे केलं तर नुसते ओठ ओले करून पेला परत देतात. ज्या माणसाला गप्प करायला आईला डोळे वटारावे लागायचे, तो माणूस असा बसलेला बघवत नाही रे.

डॉक्टर मॅडमकडे दोनदा नेऊन आणलं. त्यांनी आज वार कोणता, महिना कोणता, सकाळी काय खाल्लंत असं विचारलं. बाबा माझ्याकडे बघत राहिले. शेवटी मीच सांगितलं. म्हणाल्या, या वयात स्मृती जाते, मनाची तयारी ठेवा. दोन्ही वेळच्या केसपेपरची नक्कल सोबत ठेवलीय. तुझा जन्म असले कागद वाचण्यात चाललाय, तेव्हा वाच आणि मला माणसांच्या भाषेत कळव.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

कागद वाचले. पण त्याआधी तासभर नुसता बसून होतो, कारण तुझं पत्र वाचल्यापासून फळबाजारातली ती सकाळ डोक्यातून जात नाहीये. उलट्या ठेवलेल्या खोक्यावर तू आणि मी, आणि समोर फळीवर उभे बाबा. गालात ज्येष्ठमधाची काडी. लिलाव सुरू झाला की त्यांचा आवाज पार शेवटच्या शेडपर्यंत जायचा आणि तिथले हमाल मान वर करायचे. एकवार, दोनवार म्हणून ते असे थांबायचे, की सगळा बाजार श्वास धरून बसायचा. मला वाटायचं, जगातली सगळी संत्री-सफरचंदं आपल्या बाबांच्याच शब्दाची वाट बघतात.

आणि घरी? ताटातला शेवटचा तुकडाही लिलावाशिवाय कुणाला मिळायचा नाही. तू पाणी भरायची बोली लावायचीस, मी अंगण झाडायची. मग आई अगदी शांतपणे म्हणायची, "माझी बोली, मी आज तुमच्यावर चिडणार नाही." बाबा लगेच तीनवार करून तुकडा तिच्या ताटात. आपण दोघं पक्षपात, पक्षपात म्हणून ओरडायचो. आई गेल्यापासून त्या घरात लिलाव झालेला नाही हे मला तुझं पत्र वाचताना पहिल्यांदाच लक्षात आलं.

आता कागदांबद्दल. तू लोकांना सांगतेस की माझा भाऊ आजारांना आकडे देतो, ते खरंच आहे. डॉक्टर जे लिहितात त्याला ठरलेला क्रमांक लावायचा, एवढंच माझं काम. त्यात नियम असा की कागदावर नाही ते झालंच नाही. पहिल्या भेटीच्या कागदावर लिहिलंय, "बोलत नाहीत. उत्तरं मुलीने दिली. स्मृतिभ्रंशाची शक्यता." शक्यतेला क्रमांक नसतो, ताई. बाहेरून तपासून घ्यायला आलेल्या माणसाच्या कागदावर "शक्यता" दिसली, की आम्ही ती सोडून द्यायची आणि दिसतं त्या त्रासाचा क्रमांक लावायचा. इथे कुणीतरी उलट केलंय. दुसऱ्या भेटीच्या कागदावर "शक्यता" गळून पडलीय आणि नुसतं "स्मृतिभ्रंश" उरलंय. आता पुढच्या प्रत्येक कागदावर तेच उतरत जाणार. मी हे रोज बघतो.

दुसरं म्हणजे त्या दोन्ही कागदांवर बाबांचं तोंड कुठेच नाही. तू पत्रात लिहितेस की पाव लगदा करून लागतो, ओठ ओले करतात. डॉक्टरांना सांगितलंस का? त्यांची जीभ कशी दिसते? ओठांना चिरा आहेत का? नवीन काही औषध सुरू झालंय का? बघून कळव.

तुझा
धाकटा


२० फेब्रुवारी

धाकट्या,

मोठा आला तपास अधिकारी. असू दे, बघितलं सगळं. जीभ खडबडीत, मधोमध भेग पडलेली. ओठांचे कोपरे फाटलेत. सकाळी उठतात तेव्हा जीभ टाळ्याला चिकटलेली असते, सोडवताना टक् असा आवाज येतो. मी समजत होते की न बोलल्यामुळे तोंड सुकतं. डॉक्टरांना नाही सांगितलं. सुकलेलं तोंड हे काय सांगायचं दुखणं आहे का? औषध म्हणशील तर ती रक्तदाबाची जुनी गोळी, ती मीच देते. बाकी काही नाही.

आणि आता सांगायचं ते सांगून टाकते, नाहीतर उगाच आडून कळायचं. टेकडीखाली ती विसरणाऱ्या म्हाताऱ्यांची संस्था आहे ना, तिथे मी बाबांचं नाव दिलंय. एप्रिलमध्ये जागा होतेय. एकदा त्यांना घेऊन बघूनही आले. स्वच्छ आहे, मोठा हॉल आहे, माणसं बरी वाटली. दुकानातून यायला मला संध्याकाळ होते. दिवसभर ते एकटे त्या खुर्चीत. परवा गॅस नुसताच चालू होता आणि ते शेजारी उभे होते. काय करत होतात विचारलं तर मान हलवली.

तू काही बोलशील, ते बोलून टाक.

ताई


२६ फेब्रुवारी

ताई,

बोलतोच. मला न विचारता नाव दिलंस? एका चुकीने उतरवलेल्या शब्दावर तू बाबांना त्या हॉलमध्ये नेऊन बसवणार? त्यांना विसर पडलाय हे ठरवलं कुणी? त्यांना तोंड उघडता येत नाहीये, आणि आपण सगळे मिळून म्हणतोय की त्यांच्याकडे बोलायला काही उरलेलं नाही.

"तोंड कोरडं, कारण नमूद नाही" असा आमच्याकडे एक क्रमांक आहे. आर अडुसष्ट पॉइंट दोन. काहीच कळत नसेल तर निदान तेवढं तरी लिहावं लागतं. ते लिहिलं की कधीतरी कुणीतरी थांबून विचारतं, कारण का नमूद नाही? बाबांच्या कागदावर तेवढंही नाही.

कागद अपुरा असला की आम्ही डॉक्टरांना प्रश्न पाठवतो. त्या प्रश्नात उत्तर घालायची आम्हाला सक्त मनाई असते. "हे अमुकमुळे झालंय ना?" असं विचारायचं नाही. दिसतंय ते मांडायचं, काय आहे विचारायचं आणि गप्प बसायचं. तू बाबांना काय विचारतेस आठव. "बाबा, विसरलात का? बाबा, भूक नाही का? बाबा, दमलात का?" मान हलवली की भागतं. ते वाक्य सुरू करायच्या आत तू ते पुरं करतेस. लहानपणापासून करतेस, माझीही वाक्यं पुरी करायचीस. एकदा त्यांचं तोंड चांगलं ओलं करून दे, मोकळा प्रश्न विचार, आणि ताई, हात जोडतो, थांब.

धाकटा


१२ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र वाचून दोन दिवस डोकं तडकलं होतं. लांब बसून बहिणीला शिकवायला काय जातं? गॅसचा वास तुला नाही येत. रात्री दार वाजलं तर तू नाही उठत. मी त्यांना कंटाळून नाव दिलं असं तुला वाटलं असेल, तर तू मला ओळखतच नाहीस. बस, एवढंच. पुढचं वाच.

रविवारी दुपारी त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले. ओल्या कापसाने ओठ पुसले, जीभ पुसली, चमच्याने थोडं थोडं पाणी दिलं. मग विचारलं, "बाबा, तोंडाला काय होतंय?" आणि गप्प बसले. मला किती जड गेलं म्हणून सांगू. माझ्या जिभेवर दहा उत्तरं तयार होती. त्यांच्या ओठांची नुसती हालचाल, मग थांबणं, मग पुन्हा. मी पदराचं टोक चावत बसले. अखेर आवाज आला, अगदी घासल्यासारखा. म्हणाले, "गोळी."

कोटाकडे बोट केलं. आतल्या खिशात त्यांच्या जुन्या चष्म्याचं घर, मीच दुकानातून आणून दिलेलं, आणि त्यात गोळ्यांची पट्टी. हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांना लघवी धरवत नाही. शेजारच्या निवृत्त पोस्टमन काकांना घेऊन ते दुसऱ्या दवाखान्यात गेले आणि गोळी घेऊन आले. गोळीने तोंड सुकायला लागलं. पाणी प्यावं तर पुन्हा तीच भीती, म्हणून पाणीही सोडलं. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "तू मुलगी. अंथरूण तू धुणार का?"

मी आत जाऊन रडले. चष्म्याच्या दुकानात जन्म काढला आणि घरातलं चष्म्याचं घर उघडून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेलो. त्यांनी पट्टी बघितली, जीभ बघितली आणि खुर्ची बाबांच्या जवळ ओढून घेतली. म्हणाल्या, ही गोळी तोंड सुकवते आणि या वयात डोकंही जड करते. मागच्या वेळी मी यांच्याऐवजी तुमचंच ऐकत बसले, म्हणाल्या. गोळी बंद केलीय, दुसरा उपाय सुरू केलाय. कागदावर लिहिलंय, "औषधामुळे तोंड कोरडं." तुझं कारण मिळालं, "मुळे"सकट. स्मृतीची तपासणी आता चार आठवड्यांनी पुन्हा करणार आहेत.

ताई


१७ मार्च

ताई,

माझ्या त्या पत्राबद्दल मला दोन थोबाडीत मार. येईन तेव्हा गाल पुढे करतो.

काल फोनवर बाबांनी "काय रे, जेवलास का" विचारलं. आवाज बसका होता, पण त्यांचा होता. मी गाढवासारखा "जेवलो, बाबा" म्हणून ओरडलो. कचेरीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग दिवसभर कामात लक्ष नव्हतं. आपण लहान असताना ते बाजारातून यायचे तेव्हा गल्लीच्या तोंडापासून आवाज द्यायचे, आणि आई म्हणायची, पाट मांडा, वर्दी आली. त्या आवाजावर आपण हातपाय धुवायचो, अभ्यासाला बसल्याचं सोंग करायचो. त्या घरात घड्याळ नव्हतं असं नाही, पण ते कुणी बघितल्याचं मला आठवत नाही.

आता तो शब्द कागदावरून जाईल बघ. औषधाने जड झालेलं डोकं होतं ते. गोळी गेली की उतरेल. संस्थेला कळवून टाक की जागा नको. दुपारी सोबतीला एखादी बाई बघू, मी व्यवस्था करतो. बाबा कुठेही जायचे नाहीत.

तुझा
धाकटा


७ एप्रिल

धाकट्या,

आधी गोड सांगते. बाबा बोलतात. इतकं बोलतात, की परवा मी कापूस शोधत होते, माझ्या कानांसाठी. पोस्टमन काका रोज संध्याकाळी येतात आणि दोघं मिळून जगाचा कारभार बघतात. गुरुवारी ताटात एक तुकडा उरला. बाबांनी माझ्याकडे बघितलं, चमचा ताटावर वाजवला आणि म्हणाले, "बोला." मी म्हटलं, मी उद्या तुमच्यावर चिडणार नाही. तीनवार झालं. मी तो तुकडा खाल्ला आणि मग भांडी घासताना पोटभर रडून घेतलं. कितीतरी वर्षांनी मला लहान असल्यासारखं वाटलं.

काल तपासणी झाली. मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं, दार उघडं होतं. वार बरोबर सांगितला. महिना बरोबर. बाजारातल्या व्यापाऱ्यांची नावं न विचारता सांगितली. माझी छाती फुगली होती. मग मॅडमनी विचारलं, घरी कोण कोण असतं? बाबा म्हणाले, "मी, माझी मुलगी आणि तिची आई. ती आता वाट बघत असेल, लवकर सोडा."

मी उठले, पुन्हा बसले. या वेळी उत्तर मी देणार नव्हते.

तेव्हा तो शब्द कागदावर राहिला, धाकट्या. या वेळी "शक्यता" न लावता, नीट तपासून. आत्ता कमी आहे म्हणाल्या, वाढत जाईल. तोंडाचं तुझं बरोबर होतं. बाकीचं माझं बरोबर होतं, आणि माझं चुकलं असतं तर मी साखर वाटली असती.

घरी आलो. चपला काढता काढता बाबाच म्हणाले, "ती टेकडीखालची जागा अजून आहे का? मला तिथे जायचंय." मी म्हटलं, कशाला? म्हणाले, "जायचंय." आणि टीव्ही लावला.

मी जागा नाकारली नव्हती अजून. वीस तारखेपर्यंत कळवायचंय. पण मला कळत नाहीये, ते माझ्यासाठी जातायत का? पुन्हा तेच, मला धुवायला लागू नये म्हणून? तसं असेल तर मी त्यांना उंबरा ओलांडू देणार नाही, नोकरी सोडेन. की मी त्या दिवशी आत जाऊन रडले ते त्यांनी ऐकलं? तू सांग, तुला काय वाटतं?

ताई


११ एप्रिल

ताई,

पत्र खिशात घेऊन फिरतोय. मला काय वाटतं ते मी नाही लिहिणार. एकदा मला फार वाटलं होतं, आणि त्या भरात तुला नको ते बोललो.

कामात मला एक गोष्ट पक्की शिकवलीय. दोन गोष्टी एकाच कागदावर शेजारी शेजारी असल्या, म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं आपण ठरवायचं नाही. ज्याला ठाऊक आहे त्याने ते सांगायला हवं. बाबांना जायचंय हे आपल्याला कळलंय. का, हे त्यांनी सांगितलेलं नाही. तू तुझं कारण जोडतेयस, मी माझं जोडतोय. तुला वाटतं ते तुला वाचवतायत, मलाही काहीतरी वाटतंच. त्यांना विचार. आता त्यांना बोलता येतं.

उत्तर काहीही असलं तरी मी तुझ्या बाजूला आहे. हे आधी लिहायला हवं होतं.

धाकटा


१६ एप्रिल

धाकट्या,

विचारलं. काल दुपारी सुट्टी घेऊन घरी राहिले. पाण्याचा पेला त्यांच्या हाताशी ठेवला आणि म्हटलं, "बाबा, तुम्हाला तिथे का जायचंय?" मग थांबले.

त्यांनी अर्धा पेला संपवला. खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "तू दुकानात गेलीस की दुपारी मी तुझ्या आईला शोधतो. हाक मारतो. आतल्या खोलीत बघतो, स्वयंपाकघरात बघतो, तिच्यासाठी चहा ठेवायला गॅस लावतो. मग तिचा फोटो दिसतो, हार घातलेला. मला रोज कळतं, पोरी. रोज पहिल्यांदा कळतं."

मी त्यांचा पेला पुन्हा भरला.

मग म्हटलं, मी तो फोटो काढून ठेवते. तर म्हणाले, "फोटो काढलास तर मी तिला शोधतच राहीन. या घरात ती असायलाच हवी. तिथे ती कधी नव्हती. तिथे मी तिला शोधणार नाही." मग माझा हात धरला, बाजारात धरायचे तसा, मनगटाला. म्हणाले, "आणि तिथेही कधी विचारलं, तर खरं सांगत बसू नका. म्हणा, ती घरी आहे. मला तेवढं पुरेल."

आई गेली तेव्हा त्यांनी आपल्या दोघांना धीर दिला होता, आठवतंय? आपण एकदाच रडलो. ते रोज रडत होते आणि मी संध्याकाळी येऊन विचारायचे, बाबा, आज काय केलंत?

संस्थेला हो कळवलंय. मंगळवारी न्यायचंय, तू सोमवारी संध्याकाळपर्यंत ये. त्यांनी तुला विचारलं तर काय सांगायचं ते तुला कळलंच आहे. मला अजून ते मोठ्याने म्हणता येत नाही, म्हणून पहिल्यांदा तू म्हण.

ताई